हेलेबोरकर

परदेशात निवृत्त झालेल्या मराठी माणसाचं पुढं काय होतं, याचे चारच प्रकार आहेत. पहिला ब्रिजच्या टेबलाला चिकटतो. दुसरा गीतेचा वर्ग काढतो. तिसरा कुलवृत्तांत लिहायला घेतो आणि रात्री-अपरात्री पुण्याला फोन करून लोकांना त्यांच्या पणजोबांची जन्मतारीख विचारतो. चौथा प्रकार दुर्मीळ. तो एकच झाड धरतो आणि सोडत नाही. इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये, वुल्वरहॅम्प्टन आणि डडलीच्या मधल्या पट्ट्यात, या चौथ्या प्रकारातला एक अस्सल नमुना नांदतो आहे. मराठी मंडळाच्या वहीत त्यांचं पिढीजात आडनाव आहे, पण ते वर्गणीच्या पावतीपुरतं. एरवी सगळे त्यांना हेलेबोरकर म्हणतात. तोंडावर अर्थात डॉक्टर.

मिरजेला डॉक्टर होऊन सत्तरच्या दशकात ते इथं आले आणि सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून हयात काढली. जन्मभर माणसं झोपवली. निवृत्तीनंतर त्यांना ध्यास लागला तो सगळी बाग झोपलेली असताना एकट्यानं जागं राहणाऱ्या झाडाचा.

हेलेबोर आपल्याकडं होत नाही, म्हणून थोडी ओळख. वैद्यांचा वत्सनाभ आणि लोणच्यातली कलौंजी यांच्या कुळातलं हे झाड. जेमतेम गुडघ्याएवढं, पानं चिरलेली आणि चिवट. जगात याच्या वीसेक जाती. बहुतेक बाल्कन प्रदेशात, काही आल्प्समध्ये, काही कॉकेशसपर्यंत, आणि एकच एकटी पार चीनमध्ये. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, ज्या त्या जातीच्या लहरीप्रमाणे, याला फुलं येतात: पांढरी, हिरवी, गुलाबी, जांभळी, ठिपक्यांची, आणि जवळजवळ काळीसुद्धा. बाहेर बर्फ पडलेलं असताना हे फुललेलं असतं. एवढ्या भांडवलावर माणूस वेडा होऊ शकतो की नाही, हे पाहायचं असेल तर हेलेबोरकरांकडं जावं.

त्यांच्याकडं फेब्रुवारीत जेवायचं बोलावणं आलं की अनुभवी लोक दोन-दोन पायमोजे घालून जातात. जेवण आत असतं, पण त्याआधीचा पाऊण तास बाहेर असतो. दारात कोट काढायला लागलात तर डॉक्टर हात धरतात. ‘‘राहू दे, राहू दे. आधी बाग. उजेड जातोय.’’ आणि आपण दुपारी एक वाजता उजेड जाण्याच्या भीतीनं मागच्या दारी जातो.

मागं एक उतार आहे. तो मुळात नव्हता. सपाट हिरवळ होती, ती त्यांनी उकरून उतार केला, कारण हेलेबोरचं फूल मान खाली घालून असतं. पाऊस आणि बर्फ आत शिरून पराग भिजू नयेत म्हणून झाडानं केलेली ही सोय. झाडाची सोय, बघणाऱ्याची गैरसोय. उतारावर लावलं की खालून थोडं तोंड दिसतं. उरलेल्यासाठी पाहुण्यानं वाकायचं. डॉक्टर स्वतः दोन बोटं फुलाच्या हनुवटीखाली घालतात आणि मान अलगद मागं नेतात. भूल दिलेल्या रोग्याचा श्वासमार्ग मोकळा करायला भूलतज्ज्ञ नेमकं हेच करतो. हात तोच आहे, रोगी तेवढा बदललाय. अगदी जमिनीलगतच्या फुलांसाठी त्यांच्या खिशात दंतवैद्याचा लांब दांडीचा आरसा असतो. तो ते फुलाखाली सरकवतात, आपल्याला आत डोकवायला लावतात, आणि आपण ‘वा’ म्हणेपर्यंत बाहेर काढत नाहीत.

‘‘पाकळ्या काय सुंदर आहेत हो!’’ असं एखादी नवी पाहुणी म्हणाली, की स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या असलेल्या वहिनी गॅस बारीक करतात. पंधरा मिनिटांची निश्चिंती.

‘‘पाकळ्या?’’ डॉक्टर म्हणतात. ‘‘कुठं आहेत पाकळ्या? ही निदलं आहेत. शाळेत शिकवलेलं विसरलात. खऱ्या पाकळ्या या इथं, आत. या बारक्या हिरव्या नळ्या दिसतायत ना, त्या. मध साठवायला झाडानं पाकळ्यांच्या नळ्या केल्या आणि मिरवायचं काम निदलांवर सोपवलं.’’ मग याचा फायदा येतो. पाकळ्या असत्या तर आठवड्यात गळाल्या असत्या. निदलं दोन-दोन महिने टिकतात. पुढं बी धरलं की हिरवी होतात आणि पानाचं काम करू लागतात. ‘‘म्हणजे निवृत्तीनंतरही उपयोगी पडतात,’’ असं म्हणून ते स्वतःच हसतात. हा विनोद दर फेब्रुवारीत होतो आणि दर फेब्रुवारीत वहिनी त्या जागी गॅस पुन्हा मोठा करतात.

आता फुलण्याच्या वेळेचा प्रश्न. हेलेबोरकरांना राग येणारी एकच गोष्ट आहे: ‘‘डॉक्टर, ही फुलतात कधी?’’ हा सवाल. ‘‘कुठलं?’’ असा प्रतिसवाल येतो, आणि तो ऐकून जो पळाला नाही त्याला पुढचं सगळं ऐकावं लागतं.

पांढरं हेलेबोरस नायजर, ज्याला इंग्रज ख्रिसमस रोझ म्हणतात, ते बागेत लावलं तर ख्रिसमसला बहुधा फुलत नाही. जानेवारीत फुलतं, फेब्रुवारीत फुलतं, कधी त्याहून उशिरा. डॉक्टरांनी याचा उलगडा केला आहे. ब्रिटननं १७५२ साली कॅलेंडर बदललं, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर उजाडला. मधले अकरा दिवस सरकारनं रद्द केले. ‘‘पार्लमेंटनं सगळ्यांना कळवलं, झाडाला कळवलं नाही. जुन्या हिशोबाचा नाताळ जानेवारीत पडतो. झाड बरोबर आहे, तुम्ही चुकलात.’’ ज्यांच्या घरी अधिक मास येतो-जातो त्या माणसांना हे पटायला जड जात नाही.

सुपरमार्केटात डिसेंबरात कुंड्या मिळतात, भरभरून फुललेल्या. त्यांच्याविषयी डॉक्टर फार बोलत नाहीत. काचघरात वाढवून तारखेला हजर केलेला माल, एवढंच म्हणतात. जर्मनीत हॉयगर यांच्याकडं तयार झालेला ‘जेकब’ नावाचा वाण मात्र खरोखरच नाताळाआधी फुलतो, हे ते मान्य करतात, पण जावयाचा पगार आपल्याहून जास्त आहे हे मान्य करताना सासरा ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात. मंडळाचे लोक दर नाताळात त्यांना अशी एक कुंडी भेट देतात. ती पोर्चमध्ये राहते. बागेत प्रवेश नाही.

दुसरी मोठी जमात लेंटन रोझची. मूळ तुर्कस्तान-कॉकेशसकडच्या ओरिएंटालिसमध्ये इतर जाती मिसळून झालेले हे संकर, आणि बागांतून दिसतात ते बहुतेक हेच. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ असतो, त्याला लेंट म्हणतात. ईस्टर चंद्रावर ठरतो, त्यामुळं लेंट कधी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लागतो, तर कधी १० मार्चपर्यंत लांबतो. डॉक्टरांच्या मते म्हणूनच ही जात सर्वांत प्रामाणिक. जिला मुळात तारीखच नाही, ती चुकणार कशी?

खरं शास्त्रही त्यांना ठाऊक आहे आणि ते ऐकण्यासारखं आहे. कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीलाच बुडाशी तयार झालेल्या असतात. त्या वाट पाहतात. थंडी कडक असली की थांबतात, हवा सैल झाली की सरसर वर येतात. म्हणून एकाच झाडाला एका वर्षी मकरसंक्रांतीला फूल येतं आणि दुसऱ्या वर्षी होळीला. भिंतीच्या दक्षिण बाजूचं झाड उत्तरेकडच्या सख्ख्या भावंडाच्या पंधरवडाभर आधी फुलतं. डॉक्टरांची एक जाड वही आहे. तीत पहिलं फूल, वाफा, रात्रीचं तापमान, असे रकाने. पूर्वी ऑपरेशन टेबलाशी दर पाच मिनिटांनी रक्तदाब टिपायची सवय होती, ती इथं आली. वहीचा एकूण निष्कर्ष एकच निघतो, की तारीख सांगता येत नाही. पण तो निष्कर्ष दर वर्षी नव्यानं काढावा लागतो.

थंडीचा विषय निघाला की हेलेबोरकरांचा आवाज चढतो. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं झाडांच्या काटकपणाची एच-१ ते एच-७ अशी प्रतवारी केली आहे. एच-१ म्हणजे काचघराबाहेर काढू नका. एच-७ म्हणजे उणे वीसच्या खालीही बेलाशक. नायजर आणि बागेतले संकर एच-७. डॉक्टरांनी हीच प्रतवारी माणसांना लावली आहे. पुण्याहून येणारे मेहुणे एच-१, कारण ते जूनमध्ये कानटोपी मागतात. मंडळाचे अध्यक्ष एच-३: सौम्य हिवाळ्यात तगतील, पण सर्वसाधारण सभेत कडाका पडला की राजीनामा देतात. वहिनी एच-७. पन्नास वर्षं या हवेत काढून आणि शिवाय घरात हे. वहिनींना ही पदवी कौतुकाची आहे हे पटलेलं नाही.

२०१० चा डिसेंबर हा ब्रिटनमधला १९१० पासूनच्या नोंदींतला सर्वांत थंड डिसेंबर होता. मिडलंड्समध्ये पारा उणे दहाच्या खाली गेला. त्या कडाक्यात शेजारच्या इंग्रज आजीबाईंनी सकाळी कुंपणावरून पाहिलं, तर डॉक्टरांच्या लवकर आलेल्या फुलांचे सगळे दांडे जमिनीवर आडवे पडलेले, पानं काळपट, काचेसारखी. बाई भल्या. त्यांनी लिंबाचा केक केला आणि चेहरा लांब करून समाचाराला आल्या. डॉक्टर ड्रेसिंग गाऊनमध्ये चहा पीत बसलेले. ‘‘नाडी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘फक्त रक्तदाब खाली गेलाय. अकरापर्यंत बसा.’’ बाई बसल्या. अकराच्या सुमाराला ऊन त्या बाजूला सरकलं आणि एकेक दांडा हळूहळू उठून उभा राहिला. समाचाराचा केक त्याच खिडकीत बसून संपवला गेला.

यामागची गोम अशी. गोठायला लागलं की दांड्याच्या पेशी आपल्यातलं पाणी बाहेर सोडतात. बर्फ झाला तर पेशीच्या बाहेर होतो आणि पेशी फुटत नाही. पाणी गेल्यामुळं दांडा लुळा पडतो. वितळलं की पाणी परत आत, दांडा परत ताठ. भूलतज्ज्ञाला याहून प्रिय झाड कुठलं असणार? रोज रात्री आपण होऊन बेशुद्ध पडतं आणि सकाळी आपण होऊन शुद्धीवर येतं. साइड इफेक्ट नाहीत.

‘‘थंडीनं मेलेलं फार कमी पाहिलंय,’’ डॉक्टर सांगतात, ‘‘पाय ओले राहून मेलेली पुष्कळ.’’ मिडलंड्सची माती चिकण. पाणी साचलं की मुळं कुजतात. म्हणून त्यांनी वाफे उंच केले, खडी मिसळली, आणि दर शरदात रस्त्यावरचा पालापाचोळा पोत्यांत भरून आणून कुजवायला ठेवला. पहाटे रस्त्यावर पानं गोळा करणारे हे निवृत्त गृहस्थ पाहून एका नव्या शेजाऱ्यानं नगरपालिकेच्या कामाचं कौतुक केलं, तेही त्यांनी नम्रपणे स्वीकारलं. सगळ्याच जाती मात्र अशा दणकट नाहीत. मायोर्का बेटावरून आलेली लिव्हिडस नाजूक. ती काचेच्या पोर्चमध्ये, गरम कापडात, बाळंतिणीच्या खोलीतल्या शिस्तीनं ठेवलेली असते. पोर्चचं दार उघडं टाकणाऱ्याला घरात माफी नाही, मग तो नातू का असेना.

डिसेंबर उजाडला की पानकापणी. संकरांची जुनी पानं बुडापासून काढून टाकायची, म्हणजे करप्याचे काळे डाग नव्या कळ्यांवर जात नाहीत, उंदरांना लपायला जागा राहत नाही, आणि फुलं उघडी दिसतात. हे काम डॉक्टर डोक्याला दिवा बांधून, गुडघ्यांना गाद्या बांधून, सर्जनच्या हातमोज्यांनी करतात. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, रसानं कातडी चरचरते. म्हणूनच तर हरणं आणि ससे तोंड लावत नाहीत. एका नाताळात जावई मदतीला आले. सासऱ्यांना पानं कापताना पाहिलं होतं. त्यांनी सासरे झोपलेले पाहून पलीकडचा सबंध वाफा साफ केला. तो वाफा फीटिडसचा होता. हे ब्रिटनच्या चुनखडीच्या रानात आपोआप उगवणारं, हिरव्या फुलांचं हेलेबोर. त्याचा दांडा एक वर्ष वाढतो आणि दुसऱ्या वर्षी त्याच दांड्यावर फुलतो. दांडा कापला की त्या वर्षाचं फूल संपलं. डॉक्टर उठले, बाहेर आले, पाहिलं, आत गेले. जावयांशी ते पुढं बोलले ते थेट गुढीपाडव्याला, आणि तेही ‘‘श्रीखंड वाढा’’ एवढंच.

फीटिडसवर त्यांचा जीव असण्याला कारण आहे. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिलं की या फुलाच्या मधात यीस्ट राहतं, ते मधातली साखर पचवतं आणि त्या उष्णतेनं फुलाचा आतला भाग बाहेरच्या हवेपेक्षा थोडा गरम राहतो. थंडीत हिंडणाऱ्या बंबलबीला तेवढीच ऊब. ‘‘सेंट्रल हीटिंग,’’ डॉक्टर वाफ्यापाशी उभे राहून म्हणतात, ‘‘आणि बिल शून्य.’’ त्या वेळी घरात थर्मोस्टॅट सतरावर असतो आणि पाहुणे शाली गुंडाळून बसलेले असतात.

मे महिन्यात वहिनींचं श्रीखंडाचं फडकं नाहीसं होतं. चक्का बांधायची मलमल बागेत सापडते, छोट्या पुरचुंड्या होऊन बियांच्या बोंडांवर बांधलेली. कारण मुंग्या. हेलेबोरच्या बीला एक तेलकट, पांढरट गोळा चिकटलेला असतो. तो खायला मुंग्या बी ओढून नेतात आणि भलतीकडं टाकतात. झाडाचा तोच डाव आहे, पण डॉक्टरांचा वेगळा आहे. त्यांना प्रत्येक बीचे आई-बाप माहीत असायला हवेत. फेब्रुवारीत बंबलबीच्या आधी ते बारीक कुंचला घेऊन परागीभवन उरकतात, प्रत्येक दांड्याला चिठ्ठी बांधतात, वर आईचं नाव, खाली बापाचं. मग बी जूनमध्ये ताजंच पेरायचं. जुनं झालं की ते गाढ झोपतं आणि आणखी वर्ष खातं. उन्हाळ्याची ऊब, मग थंडी, असा दोन्ही ऋतूंचा मार खाऊन ते नव्या वर्षाच्या सुमाराला उगवतं. त्यानंतर फूल यायला साधारण तीन वर्षं. आणि आई-बाप माहीत असूनही मूल कसं निघेल याची हमी नाही. डॉक्टरांना हवं आहे दुहेरी, पिवळं, लाल किनारीचं. निघतं मळकट गुलाबी. मळकट गुलाबी रोपं वाटण्यासाठीच त्यांनी मंडळाचं आजीव सभासदत्व घेतलं, असा लोकांचा कयास आहे.

देव्हाऱ्यात त्यांचे देव वेगळे आहेत. माल्व्हर्नजवळ राहून जर्मनीपर्यंत नाव काढणाऱ्या हेलन बॅलर्ड या एक. दुसऱ्या एलिझाबेथ स्ट्रँगमन. या बाईंना १९७१ साली माँटेनेग्रोच्या डोंगरात दुहेरी फुलांची दोन रानटी झाडं सापडली आणि दुहेरी हेलेबोरच्या आजच्या वंशावळीची त्यातून मोठी सुरुवात झाली. हा प्रसंग डॉक्टर पोवाडा म्हणावा तसा सांगतात. तिसरं स्थान किंग्सविनफर्डची अ‍ॅशवुड नर्सरी, जी दैवानं त्यांच्या घरापासून थोड्याच अंतरावर ठेवली. फेब्रुवारीत ते तिथं दार उघडायच्या आधी हजर असतात. घेत काही नाहीत. वाकून वाकून पाहतात आणि परत येऊन ‘‘आपलं तिसऱ्या वाफ्यातलं उजवं आहे’’ असा निकाल देतात.

त्यांच्या घरात शोककळा एकदाच पसरली. काही झाडांच्या नव्या पानांवर शिरांच्या कडेनं काळ्या रेघा उमटल्या. हा ‘ब्लॅक डेथ’ नावाचा विषाणूजन्य रोग, मावा पसरवतो, औषध नाही. झाड मुळासकट उपटून नष्ट करायचं. डॉक्टरांनी सगळी रोगट झाडं काढली, आंघोळ केली, आणि त्या रात्री जेवले नाहीत. वहिनींनी काही विचारलं नाही. त्यांनी फक्त मावा मारायचा साबणाचा फवारा तयार करून बागेच्या दाराशी ठेवला. एच-७ कशाला म्हणतात, ते मला तेव्हा कळलं.

हेलेबोरचा इतिहास ऐकायचा तर जेवण झाल्यावर. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी ग्रीकांनी किर्रा शहराला वेढा घातला, तेव्हा शहराच्या पाण्यात हेलेबोरची मुळं टाकली; आतल्या सैन्याला जुलाब लागले आणि शहर पडलं, असं पौसानिअस लिहून गेला आहे. मेलाम्पस नावाच्या वैद्यानं राजकन्यांचं वेड याच झाडानं घालवलं, अशी कथा आहे. त्या बिचाऱ्या स्वतःला गाई समजत होत्या. हेलेबोर ही प्राचीन ग्रीसची वेडावरची नामांकित दवा. अँटिकायरा गावी ते उत्तम मिळे, म्हणून ‘अँटिकायराला जा’ म्हणजे डोकं तपासून घे. होमिओपॅथीच्या हानेमाननं १८१२ साली लाइपझिगला प्रबंध लिहिला तोही हेलेबोरच्या प्राचीन उपचारांवर; पुण्या-मुंबईच्या होमिओपॅथीच्या दुकानात आजही हेलेबोरस नायजरची बाटली मिळते. हे सगळं एका दमात सांगून झालं की वहिनी सुपारीचा डबा पुढं करत म्हणतात, ‘‘वेडावरचं औषध मागच्या दारी वाफेच्या वाफे आहे. गुण येताना काही दिसत नाही.’’

एवढ्या माणसाला गावाकडं हे झाड नसल्याची खंत नसती तरच नवल. एका जानेवारीत वर्तमानपत्रात नेहमीची बातमी आली: महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण. डॉक्टरांनी त्या रात्री साताऱ्याच्या भाच्याला उठवलं. ‘‘अरे, किती वाजता वितळतात? माती कसली? उतार आहे का?’’ भाचा म्हणाला, ‘‘मामा, उतारच आहे सगळा, पण पावसात इथं माणसाला बुरशी येते.’’ तिथं हिशोब संपला. पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आम्ल तांबडी माती, आणि पहाटे दोन तास गारठा म्हणजे हिवाळा नव्हे. भाच्याला त्यानंतर वर्षातून एकदा चौकशीचा फोन येतो, तोही पहाटे. नियम शिथिल होण्याची वाट पाहणाऱ्या माणसासारखा.

दोन वर्षांपूर्वी वाकून वाकून दोन्ही गुडघे गेले. ऑपरेशन झालं. आम्ही मंडळी फळं घेऊन गेलो तर डॉक्टर पलंगावर सपशेल आडवे, चेहरा पांढराफटक, बोलायला तयार नाहीत. आम्ही आपापसात कुजबुजायला लागलो. वहिनी म्हणाल्या, ‘‘अकरापर्यंत बसा.’’ अकराला भौतिकोपचाराची बाई आली, तिनं सहज विचारलं की बागेत त्या पाकळ्या कसल्या. आणि डॉक्टर उठून बसले.

माझं मत विचाराल तर अशी माणसं प्रत्येक गावात एक तरी असावी. ती सभेत निरुपयोगी, वर्गणीत उशिरा आणि बोलण्यात अनावर असतात. पण जानेवारीच्या काळोख्या आठवड्यात सबंध गल्लीत फूल असतं ते त्यांच्याच दारात. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्यानं दिलेलं रोप नाकारू नका. अर्ध्या सावलीत, निचऱ्याच्या जागी, फार खोल न पुरता लावा. तीन वर्षं गप्प बसा. आणि फूल मळकट गुलाबी निघालं तर ‘अप्रतिम’ म्हणा. ‘पाकळ्या’ मात्र म्हणू नका. जेवण थंड होतं.